पेरोव्स्काइट सौरघट : प्रयोगशाळेतून कारखान्याकडे

पेरोव्स्काइट सौरघटातला प्रकाश शोषणारा थर शाईसारखा पसरून वाळवता येतो. शिशाचे आयोडाइड आणि एखादा सेंद्रिय क्षार द्रावकात विरघळवायचा, ते द्रावण काचेवर पातळ पसरायचे, द्रावक उडवून लावायचा आणि उरलेला थर शंभर ते दीडशे अंश सेल्सिअसला काही मिनिटे तापवायचा. एवढ्यावर उन्हापासून वीज देणारा अर्धवाहक तयार होतो. सिलिकॉनचा मार्ग याहून फार लांबचा आणि तापाचा आहे. क्वार्ट्झ आणि कोळसा विद्युतभट्टीत सुमारे २,००० अंशांना तापवून कच्चे सिलिकॉन मिळवावे लागते. मग ते रासायनिक प्रक्रियेने शुद्ध करायचे, १,४१४ अंशांच्या वर वितळवायचे, त्यातून सावकाश एकसंध स्फटिक ओढून काढायचा आणि हिऱ्याची धार असलेल्या तारेने त्याच्या चकत्या कापायच्या. चकती साधारण दीडशे मायक्रोमीटर जाडीची असते. पेरोव्स्काइटचा थर अर्धा मायक्रोमीटर असला तरी पुरतो, कारण दृश्य प्रकाश शोषण्याची त्याची ताकद सिलिकॉनपेक्षा कितीतरी अधिक आहे.

अर्धा मायक्रोमीटर जाडीचा थर एक चौरस मीटरवर पसरला, तर त्याचे आकारमान अर्धा घन सेंटीमीटर भरते आणि वजन जेमतेम दोन ग्रॅम. वीस टक्के कार्यक्षमतेच्या एक चौरस मीटर पॅनेलमधून भर उन्हात २०० वॅट वीज मिळते, म्हणजे एक मेगावॅटसाठी पाच हजार चौरस मीटर आणि सुमारे दहा किलो पेरोव्स्काइट लागते. पेरोव्स्काइट स्वस्त असल्याचे जे सर्वत्र सांगितले जाते, ते या हिशेबाच्या आधारावर. हिशेब बरोबर आहे, पण तो एका थराचा आहे. विकत घ्यायचे ते अख्खे पॅनेल, आणि त्याची किंमत ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत: थर एकसारखा वाळतो की नाही, शंभरातली किती पॅनेले तपासणीत उतरतात, आणि छपरावर चढलेले पॅनेल किती वर्षे टिकते.

मूळ पेरोव्स्काइट हे कॅल्शियम टायटेनेटचे खनिज. १८३९ मध्ये गुस्ताव्ह रोझे या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने उरल पर्वतातल्या नमुन्यावरून त्याचे वर्णन केले आणि लेव्ह पेरोव्स्की या रशियन खनिजप्रेमी अधिकाऱ्याचे नाव त्याला दिले. आज ते नाव एका विशिष्ट स्फटिकरचनेला लावले जाते. सौरघटातल्या रचनेत शिशाच्या प्रत्येक आयनाभोवती आयोडीनचे सहा आयन असतात आणि अशा अष्टफलकांच्या मधल्या पोकळीत मिथिलअमोनियम, फॉर्मअमिडिनियम किंवा सीझियम बसते. अशी संयुगे १९७८ मध्येच श्टुटगार्टला डीटर वेबर यांनी बनवली होती. ती सौरघटात वापरून पाहण्याचे काम मात्र योकोहामाच्या तोइन विद्यापीठात त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने केले. २००९ मध्ये त्यांनी नोंदवलेली कार्यक्षमता ३.८ टक्के होती आणि घटातल्या द्रव विद्युत्-अपघटनीमुळे पेरोव्स्काइट काही मिनिटांत विरघळून जात असे. २०१२ मध्ये द्रवाची जागा घन थराने घेतली. दक्षिण कोरियात नाम-ग्यू पार्क आणि इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डचे हेन्री स्नेथ यांच्या गटांनी दहा टक्क्यांच्या आसपास मजल मारली. त्यानंतर दहा-बारा वर्षांत हा आकडा २६ टक्क्यांच्या पुढे गेला. सिलिकॉनला तेवढे अंतर कापायला कित्येक दशके लागली होती.

या चढत्या आलेखाकडे पाहताना घटाचे क्षेत्रफळ विसरता येत नाही. विक्रमी घट अनेकदा ०.१ चौरस सेंटीमीटरच्या आसपासचे असतात. बाजारातले पॅनेल दोन चौरस मीटरचे असते, म्हणजे दोन लाख पट मोठे. छोट्या घटासाठी काचेचा तुकडा मिनिटाला काही हजार फेऱ्यांनी गरागरा फिरवतात आणि त्यावर शाईचे थेंब सोडतात. या स्पिन कोटिंगमध्ये थर सुरेख बसतो, पण नव्वद टक्क्यांहून जास्त शाई कडेने उडून वाया जाते आणि दोन मीटरची काच अशी फिरवता येत नाही. त्याशिवाय, दहा घट बनवून त्यातला उत्तम तेवढा नोंदवण्याची मुभा प्रयोगशाळेला आहे. कारखान्याला नाही. पॅनेलच्या वीस हजार चौरस सेंटीमीटरमध्ये एका ठिकाणी थर फाटला तरी त्याची किंमत बाकीच्या सगळ्या क्षेत्रफळाला मोजावी लागते.

म्हणून उत्पादनाचा सर्वांत अवघड टप्पा कोणता, याचे उत्तर काही सेकंदांत सापडते: ओला थर वाळतो ते सेकंद. स्लॉट-डाय यंत्रात धातूच्या दोन ओठांमधल्या केसाएवढ्या फटीतून शाई बाहेर येते आणि खालून सरकणाऱ्या काचेवर तिचा काही मायक्रोमीटर जाडीचा पडदा बसतो. या क्षणी थर फिकट पिवळा आणि पारदर्शक दिसतो. द्रावक उडू लागतो तशी शाई अतिसंपृक्त होते, स्फटिकांची बीजे पडतात आणि पिवळा रंग करडा-तपकिरी होत काळपट होतो. मिठागरात पाणी सावकाश आटले की दाणे मोजके आणि टपोरे पडतात, तसेच इथेही घडते. सावकाश वाळलेल्या थरात थोडीच बीजे धरतात, त्यांना सुयांसारखे लांब फाटे फुटतात आणि मधली काच उघडी राहते. त्या उघड्या जागेत वरचा आणि खालचा थर एकमेकांना भिडले की घटात शॉर्ट होतो. सौरघटाला टपोरे दाणे चालत नाहीत. एकाच वेळी असंख्य बीजे पडून एकमेकांना घट्ट चिकटलेला, आरशासारखा गुळगुळीत थर लागतो, आणि त्यासाठी द्रावक झटक्यात काढून घ्यावा लागतो.

प्रयोगशाळेत हे काम टोल्युइनसारखा दुसरा द्रव वरून ओतून करतात. तो मूळ द्रावकात मिसळतो, पण पेरोव्स्काइटला विरघळवत नाही, त्यामुळे स्फटिक एकदम खाली बसतात. दक्षिण कोरियातील सांग इल सेओक यांच्या गटाने २०१४ मध्ये ही युक्ती रुळवली आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी ती उचलली. कारखान्यात मात्र एवढा ज्वालाग्राही द्रव मोठ्या काचांवर ओतणे महागही आहे आणि धोक्याचेही. तिथे दोन पर्याय वापरले जातात. एक, शाई पसरल्यावर लगेच अरुंद फटीतून नायट्रोजनचा किंवा कोरड्या हवेचा जोरदार झोत सोडायचा. दुसरा, ओली काच बंद पेटीत नेऊन पेटीतली हवा पंपाने उपसून टाकायची. झोताची पद्धत सलग चालणाऱ्या पट्टीला सोयीची आहे, निर्वात पेटीची मोठ्या सपाट काचेला. दोन्हींमध्ये काचेच्या मधल्या भागाला आणि कडांना सारखीच वागणूक मिळायला हवी. काच जिथे आधी आत शिरते आणि जिथे शेवटी बाहेर पडते तिथे थर जाड होतो, म्हणून कडेची पट्टी बहुधा सोडूनच द्यावी लागते. धुळीचा एक कण पडला, तर त्याच्याभोवती शाई फाकते आणि वाळल्यावर तिथे सूक्ष्म छिद्र राहते. त्यामुळे यंत्रावर जेवढे लक्ष द्यावे लागते, तेवढेच खोलीची हवा गाळण्यावर, तिचे तापमान आणि आर्द्रता राखण्यावर द्यावे लागते.

थर पसरण्याच्या बाकीच्या पद्धतींमध्ये पात्याने शाई ओढणे सर्वांत सोपे आहे आणि स्लॉट-डायकडे जाण्याआधी शाई पारखण्यासाठी बहुतेक गट तेच करतात. फवारणीत जाडी आवरणे कठीण जाते. इंकजेट छपाईत हव्या त्या आकाराचा घट छापता येतो. पोलंडच्या व्रोत्स्वाफ शहरात ओल्गा मालिंकिएविच यांच्या सौले टेक्नॉलॉजीज कंपनीने २०२१ मध्ये याच पद्धतीचा कारखाना सुरू केला. स्क्रीन प्रिंटिंगला चीनमधील वुहानच्या होंगवेई हान यांनी वेगळे वळण दिले. त्यांच्या रचनेत टायटॅनियम ऑक्साइड, झिर्कोनियम ऑक्साइड आणि कार्बन असे तीन सच्छिद्र थर आधी छापून भाजतात आणि पेरोव्स्काइटची शाई शेवटी वरून झिरपवतात. कार्यक्षमता थोडी कमी मिळते, पण सोने-चांदी लागत नाही, निर्वात यंत्रे लागत नाहीत, आणि कार्बनचा जाड थर पाण्याला बऱ्यापैकी अडवतो. कमी भांडवलात उत्पादन उभारायचे असेल, तर या मार्गाचा आजच्यापेक्षा अधिक गंभीरपणे विचार व्हायला हवा.

शाईशिवायचाही एक मार्ग आहे. क्षार निर्वात पेटीत तापवून त्यांची वाफ काचेवर बसवली, तर द्रावकाची कटकट राहत नाही आणि थर खडबडीत पृष्ठभागावरही सारखा बसतो. यंत्रे मात्र महाग, वेग कमी, आणि सेंद्रिय क्षाराची वाफ नेमक्या प्रमाणात धरून ठेवणे अवघड. द्रावकाचा प्रश्न क्षुल्लक नाही. सर्रास वापरला जाणारा डायमिथिलफॉर्ममाइड यकृताला आणि गर्भाला घातक आहे, आणि युरोपीय संघाने २०२३ च्या अखेरीपासून त्याच्या वापरावर निर्बंध आणले. शाई स्वस्त असली तरी तिच्यातून उडालेली वाफ पकडून पुन्हा द्रव करणारी यंत्रणा कारखान्याच्या खर्चात धरावीच लागते.

पेरोव्स्काइटचा थर एकटा वीज देत नाही. त्याच्या एका बाजूला इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्या बाजूला होल, म्हणजे इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरणारी धन जागा, वाहून नेणारे थर हवेत. सुरुवातीच्या घटांत होलसाठी स्पायरो-ओएमईटॅड हा सेंद्रिय पदार्थ आणि वर सोन्याचा थर असे. दोन्ही पेरोव्स्काइटपेक्षा कैक पटींनी महाग होते, म्हणजे ‘स्वस्त’ घटातला सर्वांत खर्चिक भाग स्वस्त थराच्या डोक्यावर बसला होता. इथे खरी सुटका लिथुआनियातील कौनास आणि बर्लिन इथल्या संशोधकांनी विकसित केलेल्या रेणूंनी केली. हे रेणू वाहक काचेला स्वतःहून चिकटतात आणि अवघ्या एका रेणूच्या उंचीचा थर बनवतात. इतक्या पातळ थराला पदार्थ नगण्य लागतो. सोन्याची जागा तांबे किंवा कार्बन घेऊ शकते. चांदीही वापरतात, पण आयोडीनशी तिची अभिक्रिया होते, म्हणून मध्ये अडसर म्हणून टिन ऑक्साइडचा दाट थर द्यावा लागतो.

मोठ्या काचेवर आणखी एक अडचण येते. समोरचा पारदर्शक वाहक थर धातूइतका चांगला वाहक नाही. घट रुंद केला, तर विजेला त्या थरातून लांब जावे लागते आणि तिची उष्णता होऊन वाया जाते. म्हणून अख्खी काच पाच-सहा मिलिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्यांत विभागतात आणि पट्ट्या एकापुढे एक जोडतात. ही विभागणी लेझरच्या तीन रेघांनी होते. पहिली रेघ खालचा वाहक थर कापते, दुसरी मधले थर खरवडून वरच्या धातूला खाली पोचायला वाट करते, तिसरी वरचा धातू तोडते. तिन्ही रेघा शेजारी-शेजारी, काही दशांश मिलिमीटरच्या जागेत बसवाव्या लागतात, कारण त्यांच्यामधली जागा वीज देत नाही. दुसऱ्या रेघेचा लेझर किंचित जास्त पडला तर खालचा थर जखमी होतो आणि किंचित कमी पडला तर जोड कच्चा राहतो. दोन मीटर लांबीच्या अशा शेकडो रेघांपैकी एकही चुकून चालत नाही. या कामात काच-आधारित कॅडमियम टेल्युराइड पॅनेलांच्या उद्योगाचा अनुभव थेट उपयोगी पडतो.

काचेऐवजी प्लास्टिकची पट्टी वापरली, तर रीळ एका टोकाला उलगडत आणि दुसऱ्या टोकाला गुंडाळत, वर्तमानपत्राच्या छापखान्याच्या वेगाने सौरघट निघतील, असे चित्र अनेकदा रंगवले जाते. त्यात तापवण्याच्या वेळेचा हिशेब क्वचित असतो. थराला दहा मिनिटे तापवायचे असेल आणि पट्टी मिनिटाला दहा मीटर सरकत असेल, तर भट्टी शंभर मीटर लांब हवी. म्हणून अवरक्त दिवे किंवा क्षणिक झगझगीत प्रकाश वापरून ही मिनिटे सेकंदांवर आणण्याचे प्रयत्न चालू आहेत. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेच्या गटाने २०२४ मध्ये साध्या खोलीच्या हवेत, निर्वात यंत्रांशिवाय, सगळे थर रिळावरच छापून दाखवले. छोट्या घटाची कार्यक्षमता १५.५ टक्के आणि अनेक घट जोडलेल्या मॉड्यूलची ११ टक्के आली. विक्रमांच्या यादीत हे आकडे कुठेच बसत नाहीत, पण उत्पादनाच्या दृष्टीने ते अनेक विक्रमांहून मोलाचे आहेत.

खर्चाचा विचार करताना बदललेला बाजार ध्यानात घ्यावा लागतो. पेरोव्स्काइटवर काम सुरू झाले तेव्हा सिलिकॉन महाग होते. २०२४ मध्ये चिनी सिलिकॉन पॅनेलची घाऊक किंमत वॅटमागे दहा अमेरिकी सेंटच्या आसपास उतरली. पेरोव्स्काइटचे दोन ग्रॅम फुकट मिळाले तरी पुढची काच, मागची काच, वाहक लेप, कडेचे सील, चौकट आणि जोडपेटी यांना सिलिकॉनइतकेच पैसे पडतात. छपरावरचा सांगाडा, तारा, मजुरी आणि जमीन हा खर्चही क्षेत्रफळावर ठरतो, घटाच्या पदार्थावर नाही. त्यामुळे कमी कार्यक्षमतेचे पॅनेल फुकटाच्या जवळ आले तरी प्रकल्प महागच पडू शकतो. एकट्या पेरोव्स्काइटने सिलिकॉनला किमतीत हरवण्याची आशा यामुळे बरीच क्षीण झाली आहे.

म्हणूनच आज उद्योगाचा मोठा ओढा जोडघटाकडे, म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन घटांकडे आहे. सिलिकॉनच्या घटाची सैद्धांतिक मर्यादा २९.४ टक्के आहे आणि कारखाने तिच्या जवळ पोचत चालले आहेत. आयोडीनच्या जागी काही प्रमाणात ब्रोमीन घातले की पेरोव्स्काइट किती ऊर्जेपासूनचा प्रकाश शोषेल हे हवे तसे बदलता येते. असा थर सिलिकॉनवर बसवला, तर निळा-हिरवा प्रकाश वर आणि लाल-अवरक्त प्रकाश खाली पकडला जातो. चीनच्या लाँगी कंपनीने २०२५ मध्ये अशा घटाची ३४.८५ टक्के कार्यक्षमता नोंदवली. ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने जर्मनीतील ब्रांडेनबुर्गच्या कारखान्यातून सप्टेंबर २०२४ मध्ये जोडघटांची पहिली व्यापारी खेप अमेरिकेला पाठवली. तिच्यातील पॅनेलांची कार्यक्षमता २४.५ टक्के होती. प्रयोगशाळेतला आकडा आणि विकलेल्या पॅनेलचा आकडा यांच्यातील हे अंतर, वर वर्णन केलेल्या वाळवण्याच्या, जोडण्याच्या आणि झाकण्याच्या अडचणींचे माप आहे. चीनमधल्या कंपन्यांनी एकट्या पेरोव्स्काइटचाही नाद सोडलेला नाही. जीसीएल कंपनीची एक मीटर रुंद आणि दोन मीटर लांब पॅनेले १८-१९ टक्क्यांच्या घरात पोचली आहेत. जपानने तिसरी दिशा धरली. सेकिसुई केमिकल ही कंपनी वाकणारी, हलकी फिल्म बनवते, जी वजन न पेलणाऱ्या जुन्या छपरांवर आणि भिंतींवर लावता येते. आयोडीनच्या उत्पादनात चिलीनंतर जपानचाच क्रमांक लागतो, त्यामुळे हा धंदा देशातच रुजावा अशी तिथल्या सरकारची इच्छा आहे.

टिकाऊपणाचा प्रश्न या सर्वांच्या मुळाशी आहे. सिलिकॉन पॅनेलला पंचवीस-तीस वर्षांची हमी मिळते. दहा वर्षांत बदलावे लागणारे पॅनेल अर्ध्या किमतीत दिले तरी ते महागच पडेल. पेरोव्स्काइट क्षारांसारखे पाण्यात विरघळते. सेंद्रिय घटक तापल्यावर वाफ होऊन निघून जातात. उजेड आणि विद्युत्-दाब यांमुळे आयोडीनचे आयन थरातून सरकत राहतात. आयोडीन-ब्रोमीनचे मिश्रण प्रकाशात विलग होऊ लागते. पॅनेलच्या एका भागावर सावली पडली, तर त्या पट्टीवर उलटा दाब येऊन ती कायमची निकामी होऊ शकते. मिथिलअमोनियमऐवजी फॉर्मअमिडिनियम आणि सीझियम वापरून उष्णतेचा त्रास बराच कमी झाला आहे. पाण्यासाठी दोन काचांच्या मध्ये घट ठेवून कडा ब्युटाइल रबराने बंद करतात. ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत १,००० तास काढण्याची आंतरराष्ट्रीय कसोटी काही पॅनेले पार करतात. पण ती कसोटी सिलिकॉनच्या दुखण्यांसाठी आखलेली आहे. दिवसा उजेड आणि रात्री अंधार या रोजच्या फेऱ्यात आयनांची जी ये-जा होते, ती तिच्यात पुरती तपासली जात नाही. मोकळ्या हवेतल्या वर्षानुवर्षांच्या नोंदींना त्यामुळे पर्याय नाही.

शिशाबद्दलची काळजीही रास्त आहे. वरच्या हिशेबातल्या दोन ग्रॅमपैकी साधारण एक तृतीयांश शिसे, म्हणजे चौरस मीटरला पाऊण ग्रॅमही नाही. मोटारीच्या बॅटरीत ते किलोंमध्ये असते. मात्र बॅटरीचे शिसे जाड प्लेटांत असते, आणि इथले आयोडाइड फुटलेल्या काचेतून पावसाच्या पाण्याबरोबर सहज वाहू शकते. म्हणून शिसे धरून ठेवणारे लेप घटाला देण्याचे प्रयोग झाले आहेत. शिशाऐवजी टिन वापरता येते, पण त्याचे हवेत झपाट्याने ऑक्सिडीकरण होते आणि कार्यक्षमताही मागे राहते. जुने पॅनेल परत घेऊन त्यातली वाहक काच आणि शिसे वेगळे काढणे अवघड नाही, कारण ज्या विद्राव्यतेमुळे थर नाजूक ठरतो तिच्यामुळेच तो धुऊनही काढता येतो. उत्पादकावर जुने पॅनेल परत घेणे बंधनकारक करणारा नियम कारखाना उभा राहण्याआधीच हवा.

भारतातल्या हवामानात या सगळ्या कसोट्या अधिक कडक होतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात पॅनेलचे तापमान साठ अंशांच्या पुढे जाते आणि कोकणात चार महिने हवेतली ओल कमी होत नाही. पवईच्या आयआयटी मुंबईत २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन आणि शिक्षण केंद्राने देशभरातील सिलिकॉन पॅनेलांची पाहणी केली, तेव्हा उष्ण प्रदेशांतली पॅनेले थंड प्रदेशांतल्या पॅनेलांपेक्षा लवकर झिजत असल्याचे दिसले होते. याच केंद्रात सिलिकॉन आणि पेरोव्स्काइट यांच्या चार टोकांच्या जोडघटावर काम चालते. या रचनेत वरच्या आणि खालच्या घटाच्या तारा स्वतंत्र निघतात. त्यामुळे दोन्हींचा प्रवाह जुळवण्याची गरज राहत नाही, वरचा थर सिलिकॉनच्या खडबडीत पृष्ठभागावर न वाढवता वेगळ्या काचेवर बनवता येतो, आणि तो आधी थकला तरी खालचे सिलिकॉन आपल्या वाट्याची वीज देत राहते.